२० टेस्ट, ६३ विकेट आणि थेट हॉल ऑफ फेम? डायना एडल्जीचं करिअर मोजायचं कसं?

सिलीपॉइंट

मंडळी, ऑफिसात जेवताना एक वाद झाला तो अजून मिटलेला नाही, म्हणून इथे टाकतोय. विषय आयसीसी हॉल ऑफ फेमचा होता. मी म्हटलं त्यात गेलेली पहिली भारतीय बाई म्हणजे आपल्या मुंबईची डावखुरी स्पिनर डायना एडल्जी, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सेहवाग आणि अरविंद डिसिल्वाच्या जोडीला तिचं नाव आलं. तर आमच्यातला एक जण (खरंच क्रिकेट बघणारा आहे, उगाच बडबडणारा नाही) म्हणाला अरे आकडे तरी बघ, २० टेस्टमध्ये ६३ विकेट आणि ३४ वनडेत ४६, बस्स. झुलन गोस्वामीच्या एकटीच्या वनडे विकेट २५५ आहेत, मिताली राजच्या वनडे रन सात हजार आठशेच्या वर, त्या दोघी बाहेर आणि ही आत, हे कसलं गणित? कोणी तरी जुनं नाव हवं होतं म्हणून घेतलं असणार.

मला हे पटलं नाही पण आकडे तर आकडेच आहेत, त्यामुळे पुढे काय बोलावं ते सुचेना. १९७६ ते १९९३ म्हणजे सतरा वर्षं खेळून २० टेस्ट आणि ३४ वनडे एवढंच का? दुखापती होत्या, की टीममधून आतबाहेर चालू होतं? आणि त्या काळात या बायकांचं पोट कशावर चालायचं? रेल्वेच्या नोकऱ्यांशी तिचं नाव सारखं जोडलेलं वाचतो, तो काय प्रकार आहे? यूट्यूबवर तिच्या बॉलिंगची क्लिप शोधली, मला तरी धड एक ओव्हर सापडली नाही. कोणी प्रत्यक्ष बघितलं असेल तर नक्की लिहा, मोठं लिहिलंत तरी चालेल.

स्कोअरबुकवाला

दुखापतही नाही आणि आतबाहेरही नाही. मॅचच नव्हत्या हो! तुमच्या मित्राला फक्त तारखा दाखवा, बाकी काही बोलू नका.

पहिली टेस्ट ३१ ऑक्टोबर १९७६, बंगळूर, समोर वेस्ट इंडिज. ती डायनाची पहिली आणि भारताच्या बायकांचीही पहिलीच. सहा टेस्टची सिरीज झाली, पाटण्याला मोईन-उल-हक स्टेडियमवर आपण जिंकलो, शेवटी १-१. लगेच जानेवारी ७७ मध्ये न्यूझीलंडमध्ये एक आणि ऑस्ट्रेलियात पर्थला एक. म्हणजे तीन महिन्यांत आठ टेस्ट, कुठल्याही टीमला भरपूर. आता त्याच्या पुढची टेस्ट कधी माहितीये? जानेवारी १९८४. सात वर्षं भारताच्या बायका एकही टेस्ट खेळल्या नाहीत. डायनाचा जन्म २६ जानेवारी १९५६ चा, म्हणजे एकविसाव्या वर्षापासून ते अठ्ठाविसाव्यापर्यंत ती टेस्टच्या मैदानावर उतरलीच नाही. कारण सिरीज कोणी ठरवलीच नाही. स्पिनरचा हात बसायला लागतो तेच हे वय.

मग ८४ ला घरी ऑस्ट्रेलियाशी चार, ८५ ला घरी न्यूझीलंडशी तीन, ८६ ला इंग्लंडमध्ये तीन. पुन्हा शटर बंद. पुढच्या तीन १९९१ ला ऑस्ट्रेलियात. बेरीज करा, भारताच्या एकूण टेस्ट झाल्या २१ आणि त्यातल्या २० डायना खेळलीये. आपल्या बायकांमध्ये तिच्यापेक्षा जास्त टेस्ट फक्त सुधा शाहच्या नावावर आहेत, २१. झुलन वीस वर्षं खेळली तरी तिच्या टेस्ट १२ आणि मितालीच्याही १२, म्हणजे नंतरच्या पोरींच्या ताटातली टेस्ट तर जवळजवळ काढूनच घेतली.

आता ६३ विकेटचं बघू. बायकांच्या टेस्टमध्ये इंग्लंडच्या मेरी डगनच्या ७७, ऑस्ट्रेलियाच्या बेटी विल्सनच्या ६८, आणि मग डायनाच्या ६३. अख्ख्या जगात. तिने टाकलेले बॉल पाच हजारांच्या वर आहेत आणि त्यात दिलेल्या रन १६२४, म्हणजे ओव्हरला दोनसुद्धा पडत नाहीत. बेस्ट ६/६४, अॅव्हरेज २५.७७. वनडेतलं अॅव्हरेज १६.८४ आहे, हे कोणी सांगतच नाही. पुरुषांच्या टीममधला डावखुरा स्पिनर बिशनसिंग बेदी जवळपास तेवढ्याच काळात, १९६६ ते ७९, ६७ टेस्ट खेळला म्हणून २६६ विकेट झाल्या. त्याला वीसच टेस्ट दिल्या असत्या तर त्याच्याही सत्तर ऐंशीच दिसल्या असत्या ना?

आणि एवढ्यावर नाही पटलं तर मित्राला विचारा पद्माकर शिवलकर कोण. मुंबईचा डावखुरा स्पिनर, टेस्ट शून्य, फर्स्ट क्लास विकेट ५८९. मुंबईत बसून शिवलकरला लहान म्हणायची हिंमत आहे का कोणाची? शेवटी बॉलर बॉल टाकतो, कॅलेंडर छापत नाही.

मॅटवरची

स्कोअरबुकवाले, तारखा बरोबर आहेत, मला फक्त त्या मधल्या सात वर्षांबद्दल लिहायचंय कारण तेव्हा आम्ही घरी बसलो नव्हतो. मी ऐंशीच्या दशकात राज्याच्या टीमकडून खेळलेय, नाव सांगत नाही, शोधूनही सापडणार नाही, आमच्या मॅचेसचे स्कोअर कुठे नीट ठेवलेत कोणी.

इंटरनॅशनल नसलं तरी नॅशनल्स व्हायच्या, इंटरझोनल व्हायच्या, राणी झांशी ट्रॉफी असायची. १९७३ ला वूमेन्स क्रिकेट असोसिएशन निघाली आणि पहिली नॅशनल्स पुण्यात झाली, टीम किती तर तीन, मुंबई, महाराष्ट्र आणि यूपी. आमच्या वेळेपर्यंत टीम पुष्कळ वाढल्या होत्या पण पैसे तेवढेच, म्हणजे नव्हतेच. रिझर्वेशन न मिळालेला डबा, दाराजवळ किटबॅग आडवी टाकायची आणि तिच्यावर आळीपाळीने बसायचं, वळकटी आपली आपण न्यायची, उतरायचं एखाद्या शाळेत किंवा हॉस्टेलच्या हॉलमध्ये, बाकं भिंतीला लावून जमिनीवर झोपायचं. सकाळी नळावर रांग आणि त्यात टॉस नऊला.

किट अख्ख्या टीमला एकच असायचं. चांगल्या बॅट दोन तीन, बाकीच्या टेप मारलेल्या. पॅडच्या जोड्या इतक्या कमी की विकेट पडली की आऊट होऊन येणारी बाई बाउंड्रीलाच खाली बसायची, घाईघाईत बकल सोडायची आणि आत जाणारी तिच्यासमोर पाय पुढे करून उभी, एकीचा पट्टा सुटतोय तोवर दुसरीचा आवळला जातोय, अंपायर लांबून हातानेच चला चला करतोय. ग्लोव्हज पुरुषांच्या मापाचे आणि आधीच्या बाईच्या घामाने आतून ओले. त्यात हात घालून मॅटवर, म्हणजे पिचवर अंथरलेल्या चटईवर, लेफ्ट आर्म स्पिन खेळून दाखवा म्हणावं त्या मित्राला! मॅटची कड कुठे तरी उचललेली असायची, बॉल तिथे पडला की तो सरळ जाईल, वळेल की गुडघ्याला लागेल हे बॉलरलाही माहीत नसायचं. आणि रेल्वेच्या टीममधल्या स्पिनर त्याच एका जागेवर तासन् तास टाकायच्या, न थकता. तुम्ही पुढे येऊन मारायचं ठरवलं की बॉल थोडा मागे, मागे राहिलात की थोडा पुढे, चेहऱ्यावर काही नाही. रन निघायच्याच नाहीत. ओव्हरला दोनपेक्षा कमी हा आकडा तुम्हाला आज वाचून नवल वाटतं, आम्ही तो समोर उभं राहून सोसलाय.

डायनाचे पुढचे चार दात बॉल लागून गेले होते हे किती जणांना माहिती आहे? तरी खेळत राहिली. तेव्हा हे ऐकून आमच्या घरच्यांनी मला मैदानावर जायला बंदी केली होती, ते वेगळं प्रकरण.

पैशाचं म्हणाल तर १९८२ च्या न्यूझीलंड वर्ल्ड कपला जायला पोरींनाच प्रत्येकी दहा हजार भरा असं सांगितलं होतं. ८२ सालचे दहा हजार! महाराष्ट्रातल्या चौघी जणी मुख्यमंत्री अंतुल्यांकडे गेल्या आणि त्यांनी पैसे मंजूर केले म्हणून गेल्या. हे डायनाने स्वतः मुलाखतीत सांगितलंय. देशासाठी खेळायचं आणि तिकीटही आपलं आपण काढायचं. त्या वर्ल्ड कपला प्रत्येक टीमच्या बारा बारा मॅच होत्या, म्हणजे तुम्ही वर जे ३४ वनडे लिहिलेत त्यातल्या बारा त्या एका दौऱ्यातल्या. तो दौरा हुकला असता तर तुमचा मित्र म्हणाला असता, २२ वनडे आणि हॉल ऑफ फेम?

निवृत्त_चर्चगेट

नमस्कार. पश्चिम रेल्वेत कारकुनी करून निवृत्त झालो आहे. खेळाडू नाही, पण स्पोर्ट्सवाल्यांची फाईल टेबलावरून गेलेली आहे, त्यामुळे नोकरीचा भाग मी सांगतो.

डायना मॅडम रेल्वे कॉलनीतच वाढलेल्या. टेनिस बॉलवर पोरांसोबत क्रिकेट, शिवाय बास्केटबॉल आणि टेबल टेनिस ज्युनियर नॅशनल पातळीपर्यंत. मग लाला अमरनाथ यांच्या शिबिरात हात तयार झाला. पुढे पश्चिम रेल्वेत नोकरी आणि स्पोर्ट्स ऑफिसर पदापर्यंत गेल्या. पण स्वतःला नोकरी लागली यात विशेष काही नाही, तशी अनेकांना लागते. विशेष हे की महिला क्रिकेट हा खेळ रेल्वेच्या भरतीत बसावा म्हणून त्या मागे लागल्या. माधवराव शिंदे रेल्वेमंत्री असताना ते काम मार्गी लागलं, आणि शिंदेसाहेब स्वतः क्रिकेटचे शौकीन होते हे नशीब.

आता स्पोर्ट्स कोटा म्हणजे नेमकं काय ते बाहेरच्या लोकांना कळत नाही, लोकांना वाटतं फुकट पगार. कोट्यातून मुलगी बहुतेक वर्ग तीनमध्ये लागते, क्लार्क किंवा तिकीट तपासनीस. सकाळी नेट, मग हजेरी आणि काम, संध्याकाळी पुन्हा नेट. स्पर्धा आली की स्पेशल कॅज्युअल लीव्ह, म्हणजे तिच्या स्वतःच्या रजा कापल्या जात नाहीत आणि पगारही चालू. रेल्वेचा पास, रेल्वेचं हॉस्पिटल, नशीब असेल तर क्वार्टर. खेळ चांगला झाला तर इन्क्रिमेंट किंवा बढती. आणि सर्वांत मोठं म्हणजे खेळ संपला तरी नोकरी साठीपर्यंत आहे. पंचविसाव्या वर्षी घरचे म्हणतात आता बस झालं, लग्न कर, तेव्हा महिन्याला पगार आणणाऱ्या मुलीला तेवढ्या जोरात म्हणता येत नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे, एका मुलीचे वडील ऑफिसात येऊन विचारून गेले होते की ही खेळायची बंद झाली तर नोकरी जाईल का. आमच्या साहेबांनी उत्तर काय दिलं ते सांगत नाही, पण मुलगी पुढे बरीच वर्षं खेळली.

याचा परिणाम बघा. देशातल्या स्पर्धांमध्ये मोजके अपवाद सोडले तर वर्षानुवर्षं रेल्वेच जिंकत आली. मिताली रेल्वेची. हरमनप्रीतला पश्चिम रेल्वेत आणायला डायना मॅडमनी धडपड केली, त्यासाठी सचिननेही पत्र दिलं होतं, आणि २०१४ मध्ये ती मुंबईत आली. नोव्हेंबर २०२५ ला डी वाय पाटीलवर वर्ल्ड कप जिंकला त्या संघातल्या प्रतिका रावल, स्नेह राणा आणि रेणुका ठाकूर या तिघी रेल्वेच्याच, आणि कॅप्टन तर मी वर लिहिलंच. धागा विकेटवर चालू आहे, पण या नोकऱ्या नसत्या तर पुढच्या तीस वर्षांत खेळायला बाई उरली असती का, हाही प्रश्न विचारा.

खडूस_मुंबईकर

छान चाललंय, सगळ्यांनी आरती ओवाळून झाली असेल तर मी दुसरी बाजू मांडतो.

एक, हॉल ऑफ फेम क्रिकेटसाठी आहे, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजसाठी नाही. नोकऱ्या लावल्या हे पुण्याचं काम आहेच, त्यासाठी पद्मश्री झाली २००२ ला, अर्जुन त्याच्या आधी ८३ ला. पण खेळाडू म्हणून बोला. १९७८ चा वर्ल्ड कप आपल्याकडे झाला, भारताची पहिली वनडे ईडन गार्डन्सवर १ जानेवारीला, कॅप्टन डायना, ६३ ऑल आऊट, इंग्लंडने एक विकेट गमावून मॅच खिशात घातली. त्या स्पर्धेत तिन्ही मॅच हरलो. ही पण नोंद करा की.

दोन, मॅचच नव्हत्या हे सगळ्यांनाच लागू होतं. शुभांगी कुलकर्णी पुण्याची, लेगस्पिन, १९ टेस्ट ६० विकेट, डायनापेक्षा एक टेस्ट कमी आणि तीन विकेट कमी. बॅटिंगही करायची. मग ती का नाही? शांता रंगास्वामी पहिली कॅप्टन, पहिली टेस्ट जिंकून देणारी, डुनेडिनला भारताच्या बाईचं पहिलं टेस्ट शतक तिचं, ती का नाही? मला सांगा.

तीन, कुणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. २०१७ ते १९ सुप्रीम कोर्टाने बीसीसीआय चालवायला नेमलेल्या कमिटीत डायना बसल्यावर काय काय झालं ते विसरलात का? २०१८ च्या टी-२० वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला मितालीला बसवलं आणि तिने बीसीसीआयला पत्र लिहिलं त्यात सरळ डायनाचं नाव होतं. मग रमेश पोवारला कोच ठेवायचं की नाही यावरून कमिटीचे अध्यक्ष विनोद राय एकीकडे आणि ही बाई दुसरीकडे, पेपरात रोज भांडण. ज्या खेळासाठी आयुष्य घालवलं त्याच्यातल्या सगळ्यात मोठ्या बॅटरचा विश्वास राहिला नाही, याचा हिशोब कोण देणार?

गुगली_आणि_पोहे

खडूसराव तुमचा दुसरा मुद्दा मला शंभर टक्के मान्य, पुणेकर म्हणून तर जास्तच. शुभांगीने पहिल्याच टेस्टमध्ये एका इनिंगला पाच विकेट काढल्या होत्या. आणि २००६ मध्ये महिला क्रिकेट बीसीसीआयमध्ये गेलं तेव्हा जुन्या असोसिएशनची सेक्रेटरी तीच होती, म्हणजे स्वतःची खुर्ची स्वतःच मोडून दिली असं म्हणा. तिचं नाव यायला हवं, यात वादच नाही. पण ती आत नाही म्हणून डायना नको हे कसं? एक दार उघडलं तर दुसरीलाही त्यातून आत घ्या म्हणायचं, का पहिलीला बाहेर काढायचं?

आणि तसं दार उघडलंही. डायनानंतर वर्षभरात, २०२४ ला, नीतू डेव्हिड आत गेली. तीही लेफ्ट आर्म स्पिनर, तीही रेल्वेची. १९९५ ला जमशेदपूरला इंग्लंडविरुद्ध ५३ रनमध्ये ८ विकेट, बायकांच्या टेस्टमधली एका इनिंगची आजही सगळ्यात भारी बॉलिंग. हॉल ऑफ फेममध्ये आपल्या दोन बायका आणि दोघी डावखुऱ्या फिरकीवाल्या, दोघी रेल्वेच्या. निवृत्त काकांचा मुद्दा मला इथे खरा लागू होतो असं वाटतं.

७८ बद्दल, अहो ती टीम आयुष्यात पहिल्यांदा वनडे खेळत होती, समोर ७३ चा वर्ल्ड कप जिंकलेली इंग्लंड. आणि कॅप्टन म्हणून मोजायचंच तर शेवटचंही मोजा. १९९३ चा वर्ल्ड कप इंग्लंडमध्ये, डायना ३७ वर्षांची आणि पुन्हा कॅप्टन. आठ टीममध्ये आपण चौथे आलो, आणि जी इंग्लंड पुढे लॉर्ड्सवर कप घेऊन गेली तिच्याशी आपण फक्त तीन रननी हरलो. तीन! ६३ ऑल आऊटपासून तिथपर्यंत. मध्ये ८८ चा वर्ल्ड कप तर आपल्या टीमला खेळायलाच मिळाला नाही.

लॉर्ड्सवरून आठवलं, ८६ च्या दौऱ्यात तिला तिथल्या पॅव्हेलियनमध्ये जाऊ दिलं नाही, बाई म्हणून. तेव्हा तिने टोला हाणला होता की एमसीसीने, म्हणजे लॉर्ड्सच्या क्लबने, नाव बदलून एमसीपी करावं, म्हणजे मेल शॉविनिस्ट पिग्ज. त्या क्लबने बायकांना मेंबर करायचं ठरवलं १९९८ ला. बारा वर्षं लागली जोक कळायला.

सिलीपॉइंट

बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. स्कोअरबुकवाले, सात वर्षांच्या गॅपचा स्क्रीनशॉट मित्राला पाठवला, त्याचं उत्तर आलं "हम्म". त्याच्याकडून हे म्हणजे पुष्कळ आहे.

मॅटवरच्या ताई, एक विचारू का, आता त्या जुन्या खेळाडूंना पेन्शन वगैरे आहे का? आणि खडूस यांचा तिसरा मुद्दा कोणी घेतलाच नाही, तोही घ्या.

निवृत्त_चर्चगेट

पेन्शन आहे. बीसीसीआयने जून २०२२ मध्ये रकमा वाढवल्या, ज्या माजी इंटरनॅशनल महिलांना महिना ३० हजार मिळत होते त्यांना ५२,५०० झाले. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मॅच फीसुद्धा पुरुषांइतकी केली, टेस्टला १५ लाख, वनडेला ६ आणि टी-२० ला ३. मितालीने सांगितलंय की २००५ च्या वर्ल्ड कपला त्यांना मॅचमागे हजार रुपये मिळाले होते. आपली टीम तेव्हा फायनलला गेली होती हे लक्षात घ्या.

तिसऱ्या मुद्द्यावर मी बोलणार नाही. मॅडम आमच्या ऑफिसच्या, मी तटस्थ नाही.

मॅटवरची

तिसऱ्या मुद्द्यावर मी बोलते. मितालीला त्या सेमीफायनलला बसवायला नको होतं, माझं स्पष्ट मत. आणि नंतर तिच्या पत्रावर कमिटीतल्या बाईने तिच्याशी आधी समोर बसून बोलायला हवं होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. पण पोवारबद्दल डायनाचं म्हणणं एवढंच होतं की हरमनप्रीत आणि स्मृतीने लेखी मागणी केलीये, पुरुषांच्या टीमचं ऐकता तर बायकांचंही ऐका. शेवटी कोच म्हणून रामन आला, ठीक. माणूस फटकळ आहे, पारशी फटकळपणा, समोर कोण आहे ते बघत नाही. हाच फटकळपणा लॉर्ड्सच्या दारात होता तेव्हा आपण टाळ्या वाजवतो आणि बोर्डाच्या मीटिंगमध्ये असला की त्रास होतो. दोन्ही एकाच बाईचं आहे, निवडून घेता येत नाही.

आणि हेही लिहा की २०१८ च्या मे महिन्यात वानखेडेवर आयपीएलच्या मॅचआधी बायकांची पहिली प्रदर्शनी मॅच झाली ती याच कमिटीच्या काळात. भर दुपारी दोनला ठेवली होती, स्टँड रिकामे, उन्हाने पोरी भाजल्या, मी तिथे होते आणि खूप चिडले होते. तरी तिथूनच पुढे डब्ल्यूपीएल, म्हणजे बायकांची आयपीएल, झालं.

पेन्शन इंटरनॅशनलवाल्यांना मिळते हो. माझ्यासारख्या, राज्याकडून दहा बारा वर्षं खेळलेल्या पण इंडिया कॅप न मिळालेल्या बायका पुष्कळ आहेत. त्यांच्याबद्दल कोणी धागा काढत नाही, कारण आकडेच नाहीत.

खडूस_मुंबईकर

ताई तिसऱ्यावर तुमचं म्हणणं अर्धं पटलं, अर्धं राहू द्या. समोर बसून बोलायला हवं होतं, माझाही मुद्दा तोच होता. शुभांगीबद्दल मात्र मी हटणार नाही, आणि तिच्या आधी शांता. पाच वर्षांत दोघी आत नसतील तर मी हाच धागा वर काढून सगळ्यांना शिव्या घालणार.

शिवलकरचं उदाहरण कोणी दिलं होतं वर? ते फेअर नाही राव. पॅडीचं नाव घेतलं की मुंबईचा माणूस वाद घालूच शकत नाही.

स्कोअरबुकवाला

म्हणून तर घेतलं :)

मॅटवरच्या ताई, तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल. नॅशनल्सचे स्कोअर खरंच बरेच कुठे नाहीत, माझ्याकडे ऐंशीच्या दशकातल्या काही मॅचेसचे नुसते निकाल आहेत, कोणी किती ओव्हर टाकल्या ते नाही. तुमच्याकडे पेपरची कात्रणं, सर्टिफिकेट, हाताने लिहिलेलं स्कोअरबुक, काहीही असेल तर फोटो काढून इथे टाकता का? डायनाच्या डोमेस्टिक विकेट किती हेसुद्धा अशा कागदांशिवाय कधी कळणार नाही, आणि तुमचं नाव पुसून टाकायचं असेल तर तसं सांगा.

मॅटवरची

कात्रणं आहेत, एका बिस्किटाच्या डब्यात, काही पिवळी पडून तुटायला आलीत. स्कोअरबुक एकच आहे, त्यातली पानं आमच्या मॅनेजरबाईंच्या अक्षरात, ते वाचणं म्हणजे दिव्य आहे. रविवारी फोटो टाकते. पण ते टाईप करून तक्ता वगैरे मला जमत नाही, ते कोण करणार?

स्कोअरबुकवाला

मी करतो. ओव्हर, मेडन, रन, विकेट, एवढे चार कॉलम दिसतील असा फोटो सरळ वरून काढा, फ्लॅश नको.

गुगली_आणि_पोहे

अक्षर लागत नसेल तिथे मला टॅग करा. आमच्या घरात डॉक्टर आहेत, कुठलंही अक्षर लागतं.